80 मीटर की 160? मुंबईच्या गच्चीवरून लांबचं डीएक्स

डीएक्स म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवर दूर देशांशी संपर्क; 80 आणि 160 मीटर हे त्याचे लांब तरंगलांबीचे बँड. गच्ची एकच, सोसायटीची परवानगी अँटेनाच्या एकाच तारेची. तिथे आमचं मत 80च्या बाजूने, आणि कारण उंचीचं आहे.

12 मीटर उभी आणि उरलेली आडवी तार, असा इनव्हर्टेड-एल (उलट्या एल आकाराचा अँटेना) धरा. 80ला एकूण तार 20 मीटर लागते, 160ला 40. उभा भाग तेवढाच राहिल्याने 80वर विकिरण रोध (तो जितका जास्त, तितकी जास्त शक्ती हवेत जाते) सुमारे 25 ओहम मिळतो, 160वर जेमतेम 8. रेडियलांमधला (अँटेनाच्या बुडाशी पसरलेल्या तारांमधला) तोटा 15 ओहम धरला तर 100 वॉटपैकी 80वर साठेक वॉट हवेत जातात, 160वर पस्तीस. रेडियल वाढवून तोटा 8 ओहमवर आणला, तरी 160वर निम्मेच. चार लांब रेडियलांपेक्षा आठ-आठ मीटरचे सोळा बरे. तार हातभर जास्तच कापा. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे रेझोनन्स (तार ज्या वारंवारतेला जुळते ती) सरकतो, मग अ‍ॅनलायझर लावून छाटत आणा. 12 मीटरवरची इनव्हर्टेड-व्ही (मध्ये उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेली तार) मात्र नको. ती सिग्नल सरळ वर फेकते. पुणे, बेंगळुरू खणखणीत, जपान गायब.

ओपनिंगच्या, म्हणजे दूरचे सिग्नल पोचण्याच्या, वेळा दोन्ही बँडच्या सारख्याच, फक्त खिडकी लहान-मोठी. डी-थराचं (आयनोस्फियरच्या सर्वात खालच्या, दिवसाच्या थराचं) शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून 160वर ते साधारण चौपट. डिसेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्योदय 7:05च्या सुमारास होतो, तेव्हा युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा अंधारात असतात. 80वर साडेसहापासून ऐकत बसा, उजाडल्यावरही अर्धा तास सोडू नका. 160वर नेमकी सूर्योदयाची ती दहा-पंधरा मिनिटं साधावी लागतात. संध्याकाळी सहाच्या पुढे जपान आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा. जपानची दुसरी संधी पहाटे 3:15च्या आसपास, टोकियोत सूर्य उगवताना. पावसाळ्यात विजांच्या कडकडाटापुढे दोन्ही बँड सोडून द्या, 40 मीटरचा बँड बघा.

खरी अडचण ऐकण्याची आहे. एलईडीचे ड्रायव्हर, लिफ्टचा ड्राइव्ह, सोलर इन्व्हर्टर, सगळ्यांचा त्रास 160वर सहसा जास्त. रेडिओ बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करा. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) उतरला तर दोष घरातच. केबलच्या आवरणावरून येणारा नॉइज अडवायला एफटी-240-31 टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) आरजी-58 केबलचे बारा वेढे फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जुळते तिथे) घाला. हा खर्च अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी करावा.

कर्जत-अलिबागकडे मोकळी जमीन असेल तर 160 जरूर घ्या. वायव्येला दीडशे-दोनशे मीटरची बेव्हरेज (ऐकण्यासाठीची जमिनीलगतची लांब तार), टोकाला साडेचारशे ओहमचा रेझिस्टर, आणि युरोप ऐकू येऊ लागतो.