हाराचा रंग शेल्याला लागला

मुलीचं लग्न डिसेंबरात झालं. बाकी सगळं नीट पार पडलं, पण फुलांचा विषय निघाला की अजून जीव चडफडतो. तुळशीचं लग्न झालं की पुण्यातली कार्यालयं भरून जातात आणि त्या घाईत माणूस हातघाईवर येतो. आमचं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये, म्हणून लिहिते आहे.

फुलवाल्याचं ऑफिस कोथरूडला. टॅबवर त्याने फोटो दाखवले, गुलाबांचे पडदे, मोगऱ्याची झुंबरं, डोळे निवावेत असं काम. बोलणं गोड. "काकू, तुम्ही फक्त अक्षता टाकायला या, बाकी माझ्यावर सोडा." स्टेज, गौरीहर, वधूवरांचे हार, २५ वेण्या, सगळं मिळून ८५ हजार ठरले आणि ६० हजार त्याने आगाऊ घेतले. कागदावर लिहून दिलं, "फ्लॉवर डेकोरेशन, ए-वन". कोणती फुलं, किती, ताजी की कापडी, याबद्दल एक अक्षर नाही. पक्कं बिलही नाही. मीही मागितलं नाही, ही माझी चूक.

लग्नाच्या चार दिवस आधी फोन आला. "काकू, मार्केट चढलंय, १५ हजार वाढवून द्या, नाहीतर डच गुलाब जमणार नाहीत." मुहूर्ताच्या दिवसांत भाव चढतात हे खरंच आहे, पण आमची तारीख त्याला तीन महिने आधी माहीत होती. ऐन वेळी दुसरा कोण मिळणार? दिले पैसे.

सकाळी कार्यालयात पोचलो. दारातून स्टेज छान दिसत होतं. जवळ गेले तर पुढच्या दोन ओळी खऱ्या गुलाबांच्या आणि मागचं सगळं कापडी. खरे होते त्यांच्याही बाहेरच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या सोलून टाकलेल्या, आतलं फूल बोटाला मऊ लागत होतं. तारा आवळणाऱ्या मुलाला विचारलं, तेव्हा कळलं की तो या फुलवाल्याचा माणूसच नव्हे. आदल्या रात्री त्याच्या मालकाला ३० हजारांत काम दिलं होतं. फोटोतलं काम कुणाचं होतं, देव जाणे.

हार गुलाबी निशिगंधाचे होते. आपल्याकडे बाजारात येतो तो निशिगंध पांढरा, गुलाबी म्हणजे रंगात बुडवलेला. वर टवटवी दिसावी म्हणून पाणी मारलेलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, जावयांनी हार घातला आणि मुलीच्या मोतिया शेल्यावर खांद्यापासून गुलाबी ओघळ उतरले. मी पुढे धावले तर तीच हळूच म्हणाली, "आई, राहू दे आता." तो शेला तिच्या आजीने घेतलेला. डाग अजून गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून फुलवाला फोन उचलेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. पैसे यूपीआयने दिलेले, मेसेज जपून ठेवलेले आणि फोटो काढलेले, म्हणून हातात काही पुरावा तरी होता. शेवटी २० हजार परत आले. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बरेच जण लग्न झालं, आता कशाला, म्हणून सोडून देतात. सोडू नका.

फाल्गुनात पुतणीचं लग्न निघालं तेव्हा दीर आणि मी पहाटे मार्केट यार्डच्या फुलबाजारात जाऊन आलो. झेंडू, शेवंती, सुटा निशिगंध किलोवर मिळतो, डच गुलाब २० फुलांच्या गड्डीवर. भाव कळला की कोटेशन वाचता येतं. हारवाला निवडला तो त्याचं दुसऱ्याच्या लग्नातलं काम, त्याच दिवशी, समोर उभं राहून बघितल्यावर. फुलांची नावं, वजन, "कापडी फूल नको, रंगवलेलं नको" हे लिहून घेतलं, आगाऊ चौथाई दिली आणि बाकी हार हातात पडल्यावर. शेल्याची गोष्ट सांगितली तर त्या म्हाताऱ्या हारवाल्याने काही न बोलता निशिगंधाच्या चार ओल्या कळ्या घेतल्या, खिशातला पांढरा रुमाल उलगडला आणि माझ्यासमोर त्यावर घट्ट दाबून दाखवल्या.