जॅमर की टेक सूट?
जॅमर म्हणजे पोहण्याची गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी, टेक सूट म्हणजे खास शर्यतीसाठीचा, अंगाला आवळून बसणारा महागडा सूट. सांगलीच्या पोहणाऱ्या पोरांसाठी दोन्ही नियमात बसतात. 2009 च्या रोम जागतिक जलतरण स्पर्धेत पॉलियुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) सूटच्या जोरावर 43 विश्वविक्रम झाले. 1 जानेवारी 2010 पासून फक्त कापडी सूट, पुरुषांना बेंबीखालून गुडघ्यापर्यंत. पण नियम कापड बघतो, किंमत नाही. खरी मेख इथंच.

टेक सूट चढवायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पावलात प्लास्टिकची पिशवी घालून सरकवायचा, मग बोटांच्या पेरांनी थोडा थोडा वर घ्यायचा. नखानं ओढला की फाटलाच. अंग ओलं असेल तर मांडीवरच अडकतो. पाणी झटकण्याचा गुणही थोड्याच शर्यतींत ओसरतो. जॅमर रोजच्या क्लोरीनला पुरतो. नाडी तेवढी आत खोचा.

चौदाखालच्यांना जॅमरच द्या, त्यांचे सेकंद स्टार्ट आणि टर्नमध्ये सांडतात. थोरल्या भावाचा सैल टेक सूट तर नकोच: आत पाणी शिरतं आणि तो जॅमरपेक्षा मागं ओढतो.