'मादी ग्यारंटी' पपई घेतली, निघाले दोन नर
मुलुंडला स्टेशनजवळच्या एका नर्सरीतून जूनमध्ये पपईची 3 रोपं घेतली, 80 रुपयाला एक. काका म्हणाले मूळ सरळ असेल तर नर, फाटे फुटलेलं असेल तर मादी, आणि ही तिन्ही मादीच, डोळे झाकून न्या. नेली. आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्टीत लावली, शेणखत घातलं, पाच महिने रोज पाणी घातलं आणि नोव्हेंबरात दोघांना लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे झुपकेच झुपके, म्हणजे नर, फळाचा पत्ता नाही! मादीचं फूल खोडाला चिकटून, एकेकटं आणि बुडाशी फुगीर असतं, ते तिसऱ्याला आलं बुवा एकदाचं. अहो मूळ बघून काही कळत नाही, भांगेसारखंच आहे, फुलावर आल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना नर-मादी दिसत नाही, आधी कळायला लॅबमध्ये डीएनए टेस्टच लागते. रोपं तशी तजेलदार होती, पिशवीतली मातीपण चांगली, म्हणून 2 स्टार. तैवान 786 ही पपईची जात मागा, त्यात मादी नाहीतर उभयलिंगी झाड येतं, नर नाही. काकांना फोटो दाखवला तर म्हणे पाणी जास्त झालं असेल 😂