वाडीच्या बिल्ट्या आणि तीन सर्व्हर: केथ्रीएसचे नऊ महिने

नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आम्ही तिघं बिल्टीचं, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचं, सॉफ्टवेअर चालवतो. तिथे माल रात्री भरतात. दुपारी दहा मिनिटं सॉफ्टवेअर बंद राहिलं तर कुणी बोलत नाही, पण रात्री नऊला बंद पडलं की गाड्या गेटवर अडकतात आणि फोन सुरू होतात.

सप्टेंबरपर्यंत तीन सर्व्हरवर तीन वेगवेगळे डॉकर कंपोझ (एका मशीनवरचे प्रोग्रॅम एकत्र चालवायची सोय) होते. कुठल्या मशीनवर कोणतं व्हर्जन आहे ते वहीत लिहून ठेवायचो. मग केथ्रीएस घेतलं. कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीन एकत्र जोडून (त्यालाच क्लस्टर म्हणतात) त्यांवर प्रोग्रॅम चालते ठेवणारी व्यवस्था. रँचर लॅब्सने २०१९ मध्ये आणलेलं हे हलकं कुबरनेटिस आता सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. १०० एमबीपेक्षा लहान एकच फाइल, आणि बाहेरून येणाऱ्या विनंत्या योग्य प्रोग्रॅमकडे वळवणारं ट्रॅफिक (Traefik) व मशीनमधलं नेटवर्क जोडणारं फ्लॅनेल त्यातच आलेले. तिन्ही मशीन जोडायला एक संध्याकाळ पुरली.

पहिला त्रास डिस्कचा झाला. एका मशीनला जुनी फिरती हार्डडिस्क होती. एटसीडी, म्हणजे क्लस्टरची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस, प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही, त्यामुळे बॅकअप सुरू झाला की त्याचा लीडर (तिघांतलं मुख्य मशीन) बदलत राहायचा आणि कुबेसीटीएल, म्हणजे क्लस्टरला हुकूम द्यायची कमांड, अडकून बसायचं. एसएसडी टाकली, त्या दिवसापासून ती तक्रार नाही. तुमच्याकडे जुनी डिस्क असेल तर आधी तीच बदला.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा ४५ च्या वर, त्यात संध्याकाळी सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, आणि साडेआठच्या सुमाराला एक मशीन तापून बंद झालं. मी नागपुरात बर्डीवर होतो, मोबाइलवरच बघत होतो. पाऊण मिनिटात तो नोड, म्हणजे क्लस्टरमधलं ते मशीन, ‘नॉटरेडी’ झाला. बिल्टीच्या अ‍ॅपच्या दोन प्रती वेगवेगळ्या मशीनवर होत्या, त्यामुळे बिल्ट्या निघत राहिल्या. ज्याची एकच प्रत होती ते मात्र पाच मिनिटं जागचं हललं नाही. मी दचकलो होतो, पण कुबरनेटिस गेलेल्या नोडची मुळातच ३०० सेकंद वाट बघतं. गरज असेल तिथे हा आकडा कमी करता येतो, आता आम्ही केलाय.

बिल्टीचे फोटो ठेवणारा पॉड (प्रोग्रॅमची चालती प्रत) मात्र पाच मिनिटांनंतरही ‘पेंडिंग’च. कारण लिहिलेलं होतं, व्हॉल्यूम नोड अ‍ॅफिनिटी कॉन्फ्लिक्ट. केथ्रीएससोबत येणारं लोकल-पाथ स्टोरेज डेटा त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवतं. पॉड दुसरीकडे जाईल, फोटो जाणार नाहीत. मशीन थंड होऊन चालू होईपर्यंत दीड तास फोटो दिसले नाहीत, आणि ड्रायव्हरांना कागदी पावत्या द्याव्या लागल्या. ते मला अजून सलतं. लाँगहॉर्न (डेटाच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवणारं स्टोरेज) करून पाहिलं, पण प्रत्येक व्हॉल्यूमच्या, म्हणजे डेटाच्या साठ्याच्या, तीन प्रती ठेवायला आमच्या डिस्क अपुऱ्या पडल्या. शेवटी पोस्टग्रेस डेटाबेस आणि फोटो क्लस्टरच्या बाहेर वेगळ्या मशीनवर नेले, त्यांची प्रत दुसऱ्या जागी जाते. आमच्याएवढ्या टीमने पहिल्याच दिवशी हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

एटसीडीचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या बॅकअप प्रती) दर १२ तासांनी आपोआप निघतात, पण ते त्याच मशीनवर पडतात. ते बाहेर न्या आणि सर्व्हरचा टोकनही (गुप्त किल्ली) जपून ठेवा. टोकनशिवाय नवीन मशीनवर स्नॅपशॉट उभा राहत नाही. आम्ही त्याची छापील प्रत कपाटात ठेवलीय.

केथ्रीएस मेमरी मात्र खातं. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरवर दीडेक जीबी नुसती यालाच जाते. पण नवीन व्हर्जन आता भर दुपारी टाकतो. नवा पॉड तयार झाला की मगच जुना जातो, वाडीत कुणाला कळतही नाही. वही बंद झाली.

पावसाळ्यात चौथं मशीन येतंय. ते नुसतं एजंट म्हणून जोडणार, म्हणजे त्यावर प्रोग्रॅम चालतील, एटसीडी नाही. एटसीडीत चार सदस्य केले तरी एकच पडलेला चालतो, म्हणजे तीनइतकंच.