कांद्यासाठी पेट्रापोल लँड पोर्ट: सोय चांगली, पण कागद पक्के हवेत

बांगलादेशला कांदा पाठवायला घोजाडांगा, महदीपूर, हिली हेही रस्ते आहेत. तरी सोयींचा विचार केला तर पेट्रापोल-बेनापोलच सरस (पेट्रापोल पश्चिम बंगालमध्ये, समोर सीमेपलीकडे बेनापोल). 2016 साली सुरू झालेल्या चेकपोस्टमध्ये कस्टम्स, वजनकाटा, गोदाम आणि पार्किंग एकाच आवारात आहे. पाचपैकी चार गुण.

मोठा फरक पडला तो पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' स्लॉट बुकिंगमुळे. पूर्वी ट्रक सीमेजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये दिवसेंदिवस पडून राहायचे आणि कांदा तिथेच पाणी सोडायचा. आता सीमा ओलांडायची वेळ आधी ठरवता येते. फी लागते, ती भाड्यात धरूनच पार्टीला भाव सांगा.

खरं काम मात्र नाशिकमध्येच उरकायला हवं. क्रम असा: बांगलादेशच्या कृषी खात्याचं आयात परमिट (आयपी), मग एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र), आणि त्यानंतरच लोडिंग. आयपीचा नंबर फायटोवर (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) हवा, आयपीची मुदत आणि टनेजही तपासा. एलसीत बेनापोल लिहिलेलं असताना गर्दी बघून ट्रक भोमऱ्याला (घोजाडांग्यासमोरचं बांगलादेशी ठाणं) वळवला, तर माल पोचतो पण बँक कागद अडवते.

वजनाचा घोळ सर्वांत महाग पडतो. जवळपास दोन हजार किलोमीटरच्या प्रवासात कांदा सुकतो आणि सीमेवरचा काटा कमी दाखवतो. एलसीत माल टनांत लिहिला असेल, तर यूसीपी 600 (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) नुसार 5 टक्के कमी-जास्त चालतं, फक्त एलसीच्या रकमेपुढे जायचं नाही. माल गोण्यांच्या संख्येत लिहिला की ही सूट गेलीच. म्हणून एलसी उघडण्याआधीच तिचा मसुदा मागवून घ्या. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), चारही ठिकाणी निव्वळ वजन एकच हवं. ताडपत्री फक्त वरून टाका. बाजू बंद केल्या की आतल्या गोण्या घामेजतात आणि सड लागते.

एक गुण कापला तो पलीकडच्या हाताळणीसाठी. बेनापोलच्या यार्डात माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरावा लागतो, त्यात गोण्या फाटतात. तिकडे बँका शुक्रवारी-शनिवारी बंद, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी पोचलेल्या मालाची ड्युटी रविवारपर्यंत लटकू शकते. नाशिकहून ट्रक सोडताना हा हिशेब धरा.

धोरण बदललं तर काय होतं, हे 14 सप्टेंबर 2020 ला दिसलं. निर्यातबंदी आली आणि ट्रक सीमेवरच थांबले. डिसेंबर 2023 च्या बंदीत, अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदलेल्या मालाला सूट होती. बाहेरच्या पार्किंगमधला ट्रक त्यात बसत नाही. बंदीची कुणकुण लागली की आधी गाडी आवारात घ्या आणि सीएचएकडून (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) नोंद करून घ्या.

आपल्याकडचं निर्यातशुल्क 1 एप्रिल 2025 पासून उठलं, पण बांगलादेश तिथला भाव बघून आयपी देतो आणि थांबवतो. 'आयपी येतेच आहे' एवढ्या फोनवर माल भरू नका, प्रत हातात पडू द्या.