एमजीबीचं सस्पेन्शन घरी बदललं: सोळा महिने, चार हजार मैल आणि चार नट

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी गाद्या, म्हणजे बुश, काढून टणक पॉलियुरेथेनचे बुश लावा, गाडी नवी होईल, असं मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दोघातिघांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते मी मागे घेतो. त्यातल्या एकानं माझ्या शब्दावर पैसे घातले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्सकार, क्रोम बंपरवाली. १९७४ नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्यांची उंची कारखान्यानंच वाढवली होती, त्यामुळे त्या मालकांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही. काम सगळं इंग्लंडमध्ये, कव्हेंट्रीत घरासमोर, दोन स्टँड आणि एका ट्रॉली जॅकवर केलं. पाने इंची लागतात. मेट्रिक पान्यानं नट झिजवू नका, ५० वर्षांच्या नटाला दुसरी संधी मिळत नाही.

गाडीचं दुखणं असं: सरळ रस्त्यावर भरकटायची, खड्ड्यात पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायचा, आणि वळणात मागची बाजू उशिरा बसायची. मी एकाच दमात सगळं बदललं. पुढच्या खालच्या विशबोनला (चाक धरणारा, वरखाली हलणारा आडवा दांडा) आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलला (पाट्याचं मागचं टोक धरणारी कडी) पॉली बुश, पुढे दुरुस्त करून मिळणारे लिव्हर शॉकअप (दांड्यानं चालणारे, जुन्या पद्धतीचे), मागे लिव्हर काढून टेलिस्कोपिक, म्हणजे नळीसारख्या शॉकअपचा किट. पहिले ५०० मैल मी हवेत होतो. ए-४२९ रस्त्यानं स्टो-ऑन-द-वोल्ड गावाकडे जाताना स्टेअरिंग बोटावर वळत होतं, झोल कमी झाला होता. ती एप्रिलमधली शिफारस याच दिवसांतली.

मे महिना कोरडा गेला आणि करकर सुरू झाली. जुन्या वाड्याचं दार उघडताना येतो तसा आवाज, प्रत्येक स्पीड ब्रेकरवर, पुढच्या डाव्या बाजूनं. छत उघडं असलेल्या गाडीत हा आवाज थेट कानात येतो. पॉली बुश पिनेवर फिरतं, रबरासारखं आतल्या आत पिळत नाही, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते ग्रीस पावसाच्या पाण्यानं, रस्त्यावरच्या मातीनं निघून जातं. मी विशबोन तीनदा सोडवला, तीनदा ग्रीस भरलं. दर खेपेला जेमतेम तीन आठवडे शांतता. प्रत्येक वेळी स्प्रिंगचा दाब जॅकवर घेऊन हळूहळू उतरवायचा, म्हणजे एका बाजूला अर्धा दिवस. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, ग्रीस नीट लावलं नसेल. मी फोटो पाठवले. मग उत्तरच आलं नाही. बुश वाईट दर्जाचं होतं असं मी म्हणत नाही, आजही ते तसंच टणक आहे. पण जे बुश वर्षातून चारदा उघडावं लागतं ते रोजच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

मागच्या टेलिस्कोपिकचंही तेच झालं. सर्वांत मऊ खुणेवर ठेवूनही इथल्या उखडलेल्या गल्लीबोळांत मागचा ॲक्सल उड्या मारायचा. गुळगुळीत रस्त्यावर उत्तम, पण तो रस्ता मला महिन्यातून एकदा मिळतो. जुने लिव्हर शॉकअप मी फेकले नव्हते, हे नशीब. त्यांची टोपी काढली, आतलं काळं तेल ओतून दिलं, मोटरसायकलच्या फोर्कचं २० डब्ल्यू तेल भरलं, आणि वाईसमध्ये धरून त्यांचा दांडा वरखाली करत सगळी हवा बाहेर काढली. तेलाचा खर्च १० पौंडांच्या आत. गाडी पुन्हा शहाण्यासारखी बसायला लागली. टेलिस्कोपिक किटला मोजलेल्या पैशांचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या दोन शॉकअपपैकी एक तिसऱ्या महिन्यात गळायला लागला. बदलून मिळाला, पण परत पाठवायचा टपालखर्च माझ्याच माथी. ती वस्तू किती जड असते हे उचललेल्यालाच माहीत.

सप्टेंबरमध्ये पुढचे पॉली काढून 'व्ही-८ बुश' लावले. एमजीबी जीटी व्ही-८ ही गाडी १९७३ ते १९७६ अशी थोडीच वर्षं निघाली, पण तिच्यासाठी केलेलं हे बुश साध्या एमजीबीच्या विशबोनमध्ये बसतं. मध्ये लोखंडी नळी आणि तिला चिकटवलेलं रबर. चार बुश लागतात, मला बावीस पौंड पडले. साबणाच्या पाण्यात बुडवून वाईसनं दाबले की बसतात. करकर त्याच दिवशी थांबली. मी खूश होतो.

एक गोष्ट मात्र खटकत होती. पुढून गाडी अर्धा-पाऊण इंच उंच दिसत होती. नवं रबर आहे, बसेल हळूहळू, असं मी धरून चाललो. इथं ४० वर्षांवरच्या गाडीला सहसा एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीची सक्ती नाही, तरी मी दरवर्षी करून घेतो. जानेवारीत तपासणाऱ्यानं पहार घालून उजवा विशबोन हलवून दाखवला. घरी येऊन बुश काढलं तर रबर नळीपासून एका बाजूनं फाटून सुटलेलं. अवघे ९०० मैल झाले होते.

फोटो बाबांना साताऱ्याला पाठवला. त्यांनी वीस वर्षं पद्मिनी चालवली. तिलाही पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटेच. फोन उचलताच त्यांनी विचारलं, "अरे, नट आवळताना गाडी चाकांवर उभी होती का?" नव्हती. मी स्टँडवर, चाकं लोंबत असताना आवळले होते.

सगळं इथंच चुकलं होतं. नट आवळला की आतली नळी पिनेबरोबर जाम होते. रबर एका बाजूनं नळीला आणि दुसऱ्या बाजूनं विशबोनला धरलेलं. विशबोन खाली लोंबत असताना आवळलं, तर रबराची आरामाची जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ, उभ्या गाडीतसुद्धा. तो पीळच गाडीला वर ढकलत होता, म्हणून ती उंच दिसत होती. खड्ड्यात चाक आणखी वर गेलं की रबर फाटणारच. पॉलीला हा नियम नाही, कारण ते फिरतं, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये माझी ही चूक खपून गेली होती.

दुसरे चार बुश आणले. नट फक्त हातानं लावले, गाडी खाली उतरवली, बंपर धरून चारपाचदा दाबून हलवली, मग पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवली. रॅम्पवर वजन चाकांवरच राहतं आणि खाली झोपायला जागाही मिळते. तिथं नट आवळले, स्प्लिट पिना घातल्या. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, चारही पिना एकेक करून दाखवायला लावल्या त्यांनी. मग सुतळी ताणून टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून आत किती झुकलीत ते बघितलं. तो १/१६ ते ३/३२ इंच हवा, माझा त्यात बसला.

आता जुलै चाललाय. पुढून गाडीची उंची दोन्ही बाजूंना सारखी आहे, भरकटणं गेलं, आवाज नाही. परवा बुशांवर बॅटरी मारून बघितली, रबर कुठंही फाटलेलं नाही. एप्रिलमधली स्टेअरिंगची धार थोडी कमी झाली हे खरं, पण दीडशे मैल चालवून उतरल्यावर मान दुखत नाही. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती उभी पिन) दर ३,००० मैलांनी ग्रीस देतो, प्रत्येक बाजूला ग्रीस भरायचे तीन-तीन निपल आहेत, तेवढं चुकवू नका. मागच्या शॅकलचे पॉली मात्र तसेच ठेवलेत. ते आजवर कुरकुरले नाहीत.

राहिला उजवा पाटा. चालकाच्या बाजूनं तो दबलाय. त्याचा पुढचा बोल्ट बुशाच्या नळीत गंजून एकजीव झालाय, तेल सोडून आठवडा झाला तरी हलत नाही, म्हणजे कापावाच लागणार. नवे पाटे आणून ठेवलेत. पुढच्या डोळ्यात कारखान्यासारखंच रबराचं बुश आहे, तेही गाडी चाकांवर उभी करूनच आवळणार.