जुन्या लाकडी खिडक्यांना बसवलेली मच्छरजाळी : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

परळमधील आमची इमारत जुनी आहे आणि तिच्या खिडक्या अजूनही लाकडीच आहेत. बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा, मध्ये उभे लोखंडी गज आणि आतल्या बाजूला वीतभर रुंदीचा कट्टा अशी त्यांची रचना आहे. नव्या इमारतींतील सरकत्या काचांच्या खिडक्यांना जाळीसाठी तिसरा रूळ आधीच दिलेला असतो. आमच्याकडे मात्र जाळी कुठे आणि कशी बसवायची, इथूनच प्रश्न सुरू होतो. अशा घरांसाठी नेमकी माहिती मला शोधूनही मिळाली नव्हती. गेल्या वर्षी मे महिन्यात बसवून घेतलेल्या जाळ्यांनी आता दोन पावसाळे पाहिले आहेत, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

जाळीचा विचार सुरू झाला तो सासूबाईंच्या आजारपणामुळे. त्याआधीच्या सप्टेंबरात त्यांना डेंग्यू झाला आणि प्लेटलेट्स उतरल्यामुळे पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या दुपारभर खिडकीशी बसून वाचत असतात आणि डास घालवण्याचे आमचे सगळे उपाय मात्र दिवेलागणीनंतर सुरू होत. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या तासा-दोन तासांत चावतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर आमची चूक लक्षात आली. रात्रीच्या झोपेसाठी मच्छरदाणीइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय नाही, असे माझे आजही मत आहे. पण दिवसभर कुणी मच्छरदाणीत बसू शकत नाही. कॉइल तर मी घरात येऊच देत नाही. एका कॉइलच्या धुरातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते, आणि आमच्या घरात दम्याचा त्रास असलेले एक मूल आहे.

पहिला प्रयोग व्हेल्क्रोच्या जाळीचा झाला. खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर जाळी दाबून बसवायची, इतके ते सोपे असते. भाड्याच्या घरात किंवा एका हंगामापुरती सोय म्हणून ती ठीक आहे. आमच्या खिडक्यांवर मात्र तैलरंगाचे जुने थर आहेत, त्यामुळे पावसाळी ओल धरताच पट्टी रंगाच्या पापुद्र्यांसकट सुटू लागली. शिवाय अचानक सर आली की बाहेरच्या झडपा ओढून घेण्यासाठी जाळी उपटावी लागे आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी सैल बसे. गजांच्या खिडकीला न उघडणारी जाळी बसवू नये, हा धडा त्यातूनच मिळाला.

त्यानंतर शेजारणीच्या ओळखीतून ॲल्युमिनियमचे काम करणारा एक कारागीर आला. लहान दुकानदार असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही, परंतु त्याच्या कामाची पद्धत सांगण्यासारखी आहे. त्याने प्रत्येक खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली. आमच्या बैठकीच्या खोलीतील खिडकीत वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ पाऊण इंचाचा फरक निघाला. जुन्या लाकडी चौकटी कालांतराने तिरक्या होतात, आणि एकच माप घेऊन केलेली जाळी एका कोपऱ्यात फट सोडते. त्याच्याआधी चौकशीसाठी आलेल्या दोघांनी एकेकच माप घेतले होते, म्हणून दर कमी असूनही मी त्यांना काम दिले नाही.

जाळी निवडताना लोक बहुधा तिच्या छिद्रांविषयीच विचारतात. फायबर ग्लासच्या नेहमीच्या जाळीत एका इंचात एका दिशेने अठरा आणि दुसऱ्या दिशेने सोळा धागे असतात, म्हणजे छिद्र एका मिलिमीटरपेक्षा थोडेसेच मोठे राहते आणि त्यातून डास आत येत नाही. तेवढी जाळी पुरेशी आहे. त्याहून बारीक घेतली तर वारा आणखी अडतो. खरी परीक्षा कडांची असते. मी एक साधी पद्धत वापरते: एक रुपयाचे नाणे आडवे धरून चौकटीच्या चारही बाजूंनी फिरवायचे आणि ते जिथे आत सरकेल, तिथे काम अपुरे आहे असे समजायचे. दुसरी पद्धत अशी की रात्री खोलीतील दिवा मालवून कुणाला तरी बाहेरच्या गॅलरीतून विजेरीचा झोत खिडकीवर टाकायला सांगावे, म्हणजे उजेडाच्या रेघा जिथून आत येतात त्या जागा आपोआप कळतात. आमच्याकडे अशा चार जागा निघाल्या. कारागिराने कुरकूर न करता दुसऱ्या दिवशी येऊन तिथे ब्रशची पट्टी आणि सिलिकॉन भरून दिले.

बैठकीच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोलीतील मोठ्या खिडकीला घडीची, म्हणजे प्लीटेड जाळी घेतली. ती पडद्यासारखी बाजूला सरकते, कट्ट्यावरच्या कुंड्या हलवाव्या लागत नाहीत आणि पाऊस आला की गजांतून हात घालून झडप लगेच ओढता येते. सासूबाईंना ती एका हाताने सरकवता येते, हा आमच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण आहे. दोष मात्र दोन आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जाळीचा ताण सांभाळणारी बारीक नायलॉनची दोरी नवव्या महिन्यात तुटली. दुरुस्तीचे साडेतीनशे रुपये द्यावे लागले, कारण दोरी हमीत धरलेली नव्हती. दुसरा दोष धुळीचा. आमच्या आसपास जुन्या गिरण्यांच्या जागांवर वर्षानुवर्षे बांधकामे चालू आहेत, ती धूळ घड्यांत बसते आणि ही जाळी उतरवून धुता येत नाही. दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने झाडावी लागते आणि खालच्या रुळातील माती काढावी लागते, नाहीतर ती अडकू लागते. वाराही निश्चितपणे कमी होतो. मे महिन्याच्या दुपारी पंख्याचा वेग एका आकड्याने वाढवावा लागतो.

स्वयंपाकघरात मात्र बिजागरीवर आत उघडणारी स्टेनलेस स्टीलची जाळी घेतली आणि ती निवड सर्वांत उत्तम ठरली. फोडणीचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने निघतो आणि जाळी ढिली पडत नाही. कारागिराने ३०४ दर्जाचे स्टील वापरले होते. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके येतात, तसे ते आमच्याकडेही दुसऱ्या पावसाळ्यात आले, पण घासल्यावर गेले. ३१६ दर्जाचे स्टील अशा हवेत अधिक टिकते, मात्र महाग पडते. वरळी किंवा माहीमला अगदी किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

माश्यांच्या बाबतीत तर जाळीला पर्यायच नाही, कारण डासांसाठीच्या द्रवाच्या यंत्राचा माश्यांवर फारसा उपयोग होत नाही. आंब्याच्या दिवसांत आणि बोंबील साफ करताना पूर्वी ओट्यावर उभे राहणे नकोसे होई. माशी अन्नावर बसली की आधी लाळ सोडते आणि मग ते पातळ झालेले अन्न शोषून घेते, त्यामुळे नुसती हाकलून भागत नाही. आता ओला कचरा रोज सकाळी खाली जातो, डब्याला झाकण असते आणि जाळी बंद असते. या तीन गोष्टींनी ओट्यावरच्या माश्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

जाळ्या बसल्यानंतरही पहिल्या जुलैमध्ये घरात डास दिसत राहिले आणि मी कारागिराला फोन करून काहीशी रागावले. त्याने येऊन सगळ्या कडा पुन्हा तपासल्या. एक्झॉस्ट पंख्याचे भोक आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटले होते, तिथे त्याने आपोआप मिटणारी झडप बसवली. तरीही डास होतेच. पुढच्या आठवड्यात महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी तपासणी करत आले, त्यांनी विजेरी टाकली आणि मनी प्लँटच्या बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्येही होत्या. डास बाहेरून येतच नव्हते, ते घरातच जन्मत होते आणि जाळीमुळे आतच राहत होते. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते, त्यामुळे पिंप भरून ठेवावेच लागते; ते आता दर रविवारी रिकामे करून आतून घासले जाते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचे अंतर ओलांडू द्यायचे नाही. घासणेही तितकेच आवश्यक आहे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस स्टीफेन्साय हा डासही स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो, त्यामुळे इमारतीच्या गच्चीवरील टाक्यांची झाकणेही आम्ही सोसायटीकडून घट्ट करून घेतली. इतके झाल्यावर जाळीचा खरा उपयोग दिसू लागला. या वर्षीच्या पावसाळ्यात द्रवाची यंत्रे आम्ही फार थोड्या रात्री लावली आणि घरात कुणालाही तापाचे आजारपण आले नाही.

खर्चाविषयी सांगायचे तर आम्हाला घडीची जाळी चौरस फुटाला २६० रुपये, स्टीलची २२० रुपये आणि न्हाणीघराच्या झरोक्याची कायम बसवलेली जाळी १३० रुपये पडली. व्हेल्क्रोच्या तुलनेत ही रक्कम कितीतरी मोठी आहे. सगळ्या खिडक्या एकदम करणे शक्य नसेल, तर आधी स्वयंपाकघर आणि दिवसा माणसे जिथे बसतात ती खोली करावी, आणि झोपण्याच्या खोलीत तोवर मच्छरदाणी वापरावी. पुन्हा निवडायची वेळ आली तर घडीची जाळी मी फक्त सासूबाईंच्या खिडकीलाच घेईन.

आमची मागच्या खोलीतील एक खिडकी अजून राहिली आहे. तिच्यासाठी बिजागरीची स्टीलची जाळी सांगितली असून कारागीर दिवाळीनंतर येणार आहे. त्याला निम्मी रक्कम आगाऊ दिली आहे. उरलेली नाणे चारही कडांवरून फिरवून झाल्यावर द्यायची, हे दोघांमध्ये आधीच ठरले आहे.